घुमटाखालची वर्षे : पदवीचे विद्यार्थिजीवन नेमके काय देते?

बारावीचे निकाल जाहीर झाले की बँकांच्या शाखांमध्ये शैक्षणिक कर्जाच्या टेबलापुढील गर्दी वाढू लागते. कागदपत्रांची पिशवी सांभाळत बसलेले वडील, शेजारी काहीशी अवघडून बसलेली मुलगी आणि मधूनच एखादी शंका विचारणारी आई, हे दृश्य जून-जुलैमध्ये कोणत्याही शाखेत दिसते. प्रश्नही बहुधा ठरलेले असतात. शुल्क किती, वसतिगृहाचा खर्च कर्जात धरला जाईल काय, हप्ता केव्हापासून सुरू होणार, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे, शिक्षण संपल्यावर नोकरी लागेल ना?

हे सारे प्रश्न रास्तच आहेत. आयुष्याची पुंजी पणाला लावणाऱ्या पालकाने ते विचारलेच पाहिजेत. परंतु प्रस्तुत लेखकाला आजवरच्या नोकरीत एक प्रश्न क्वचितच ऐकावयास मिळाला : प्रवेशाचा दिवस आणि नोकरीचा दिवस यांच्या दरम्यान जी तीन-चार वर्षे आहेत, त्या वर्षांत हे विद्यापीठ आमच्या मुलीला काय देणार आहे? घर घेताना आपण जागा चार वेळा पाहून येतो. पाणी, ऊन, शेजार यांची चौकशी करतो. विद्यापीठ निवडताना मात्र माहितीपुस्तिकेवर आणि गुणांच्या यादीवर भागवतो. वास्तविक विद्यापीठालाही ऊन असते, पाणी असते आणि मुख्य म्हणजे शेजार असतो.

हा शेजार म्हणजे काय, हे एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. त्यासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची निवड केली आहे. नियुक्तीच्या निमित्ताने त्या शहरात काही काळ राहण्याचा योग आला, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, पदवीपूर्व विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात प्रत्यक्ष सामावून घेणारी जी थोडी विद्यापीठे आपल्या देशात आहेत, त्यांपैकी हे एक आहे.

एका राजाची दूरदृष्टी

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला, ही कथा मराठी वाचकांना सुपरिचित आहे. १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्यकारभाराची सर्व सूत्रे आली. बडोदा कॉलेजचा आरंभ याच वर्षीचा. पुढे १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा आणि १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्वत्र लागू झाले. १९०८ मध्ये महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, हे बँकिंग क्षेत्रातील आपणा सर्वांना ठाऊक आहेच. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर.

विद्यापीठ मात्र महाराजांच्या हयातीत झाले नाही. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठ अस्तित्वात आले. कॉलेज, कलाभवन, गायनशाळा आणि हजारो हस्तलिखितांचा संग्रह असलेले प्राच्यविद्या मंदिर या जुन्या संस्था त्यात एकत्र आल्या. पहिल्या कुलगुरू होत्या श्रीमती हंसा मेहता. त्या स्वतः बडोदा कॉलेजच्या पदवीधर. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारी मूळ शब्दयोजना बदलून 'सर्व मानव' अशी करविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मुलामुलींच्या एकत्रित विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आलेल्या त्या देशातील पहिल्या महिला होत. विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.

एकाच छताखाली

महाराष्ट्रातील बहुतेक पदवीधरांचा विद्यापीठाशी संबंध येतो तो परीक्षेच्या प्रवेशपत्रापुरता आणि शेवटी पदवी प्रमाणपत्रापुरता. आपण शिकतो महाविद्यालयात. विद्यापीठ असते दूर कोठेतरी, जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी. शेकडो महाविद्यालये एका विद्यापीठाशी संलग्न असतात. अभ्यासक्रम एक मंडळ ठरवते, शिकवतो दुसरा, प्रश्नपत्रिका काढतो तिसरा आणि उत्तरपत्रिका तपासतो चौथा. प्रस्तुत लेखकाचे शिक्षणही अशाच एका संलग्न महाविद्यालयात झाले. शिक्षक मनापासून शिकवीत, पण एखादा विषय रंगात आला की वर्गातूनच कोणीतरी विचारी, "सर, हे परीक्षेला आहे का?" आणि सर पुन्हा छापील अभ्यासक्रमाकडे वळत. दोष ना त्या मुलाचा, ना सरांचा. ती व्यवस्थाच तशी होती.

बडोद्याची रचना निराळी आहे. येथील अध्यापन मुख्यत्वे विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्याशाखांमध्ये चालते. कला, विज्ञान, वाणिज्य, ललितकला, संगीत-नृत्य-नाट्य, अभियांत्रिकी, विधी, समाजकार्य, वैद्यक अशा डझनाहून अधिक विद्याशाखा त्यात आहेत. गुजरातमध्ये असूनही अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आणि पीएच.डी.चा संशोधक एकाच इमारतीत, अनेकदा एकाच प्राध्यापकांच्या दालनाबाहेर उभे असतात. जे शिकवतात, त्यांचाच अभ्यासक्रम ठरविण्यात आणि मूल्यमापनात प्रमुख वाटा असतो.

या रचनेचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे डॉ. वेंकटरामन रामकृष्णन हे याच विद्यापीठाचे १९७१ चे भौतिकशास्त्राचे पदवीधर. त्यांचे आईवडील दोघेही या विद्यापीठात विज्ञानाचे अध्यापन-संशोधन करीत. मुलाला बडोद्याच्याच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. आपल्यापैकी किती घरांत यानंतर चर्चेला वाव उरला असता? परंतु मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी असलेली नॅशनल सायन्स टॅलेंट शिष्यवृत्ती त्याला मिळाली आणि त्याने वैद्यकीय जागा सोडून बी.एस्सी.ला नाव घातले.

त्या सुमारास विद्यापीठाने भौतिकशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम नव्याने आखला होता. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाची नवी पाठ्यपुस्तके आणि रिचर्ड फाइनमन यांची व्याख्याने त्यात समाविष्ट होती. विशीच्या आतल्या बडोद्यातील मुलांना त्या काळचे जगातील उत्तम भौतिकशास्त्र असे घरबसल्या मिळाले. पुढे रामकृष्णन यांनी अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली, नंतर विषय बदलून जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले आणि पेशीतील प्रथिने बनविणाऱ्या रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी नोबेलचे मानकरी ठरले. प्रत्येक पदवीधर नोबेल विजेता होत नाही, हे उघडच आहे. मुद्दा एवढाच की, शेकडो महाविद्यालयांची संमती न घेता अभ्यासक्रम बदलता येणे ही एकात्म विद्यापीठाची ताकद आहे आणि तिचा पहिला लाभ पदवीच्या विद्यार्थ्याला मिळतो.

शेजाराचे शिक्षण

अभ्यासक्रमापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे शेजार. बडोद्याच्या रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर कला विद्याशाखेची भव्य घुमटाची इमारत लागते. तेच जुने बडोदा कॉलेज. जवळच विश्वामित्री नदीच्या काठी सयाजीबाग आहे. बडोदेकर तिला कमाटीबाग म्हणतात. बागेत १८९४ पासूनचे वस्तुसंग्रहालय आहे. वर्ग सुटल्यावर विद्यार्थ्यांचे घोळके या बागेत, चहाच्या टपऱ्यांवर आणि सेव-उसळीच्या लाऱ्यांभोवती दिसतात.

या घोळक्यांत कोण कोणाशेजारी बसते, हे पाहण्यासारखे असते. ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे चित्रकला शिकवली, शंखो चौधुरी यांनी शिल्पकला; पुढे के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख असे नामवंत कलावंत अध्यापक तेथे लाभले. आधुनिक भारतीय चित्रकलेत 'बडोदा' हे नाव एखाद्या घराण्यासारखे उच्चारले जाते ते यामुळेच. काही काही वर्षांच्या अंतराने येथे 'फाइन आर्ट्स फेअर' भरते. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, मातीच्या वस्तू बनवतात आणि सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकतात. नवरात्रात याच आवारातील गरबा साऱ्या शहरात ओळखला जातो आणि जुने विद्यार्थीही त्यासाठी आवर्जून येतात.

आता विचार करावा की, वाणिज्य शाखेत ताळेबंद शिकणारा मुलगा अशा आवारात तीन वर्षे वावरतो. त्याच्या वसतिगृहातील खोलीशेजारी कोणी सतारीचा रियाज करतो, कोणी आदिवासी पाड्यावरील क्षेत्रकार्याचा अहवाल लिहितो, कोणी दगडाच्या धुळीने माखून रात्री उशिरा परततो. या मुलाला चित्रकला येणार नाही. पण चित्र काढणे हेही कष्टाचे, शिस्तीचे काम आहे, हे त्याला कळलेले असते. उद्या बँकेत अधिकारी म्हणून बसला आणि एखादा कुंभार किंवा नाट्यसंस्थेचा चालक कर्जासाठी पुढे आला, तर त्याचे काम 'छंद' म्हणून तो निकालात काढणार नाही. व्यवहारात या समजुतीचे मोल फार मोठे आहे आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेली नसते.

या शहराने असा शेजार पूर्वीपासून दिला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेल्या दादासाहेब फाळके यांनी १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि इतर तंत्रे आत्मसात केली. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा त्यामागे चित्रकार, छायाचित्रकार आणि तंत्रज्ञ असा एकच माणूस उभा होता. अशी माणसे एका विषयाच्या चौकटीत सहसा घडत नाहीत.

दुसरे उदाहरण विनोबा भावे यांचे. ते बडोदा कॉलेजचे विद्यार्थी. वर्गातील तासांपेक्षा बडोद्याचे ग्रंथालय आणि मित्रांसमवेतची लांबलांब पायपीट यांत ते अधिक रमत. समवयस्क मराठी मुलांना जमवून त्यांनी 'विद्यार्थी मंडळ' काढले होते. व्याख्याने, वाचन, वादविवाद असे त्याचे स्वरूप होते. १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. पदवी त्यांनी घेतलीच नाही. परंतु विद्यार्थी मंडळातील काही मित्र पुढे आश्रमात येऊन जन्मभर त्यांच्या कार्यात सहभागी झाले. परीक्षा सोडण्याचा धडा यातून कोणी घेऊ नये. विद्यार्थिदशेत जुळलेले मैत्र किती खोलवर जाते, एवढे मात्र त्यातून जरूर घ्यावे.

वसतिगृह : पहिला संसार

पदवीच्या वर्षांतील मोठे शिक्षण वसतिगृहात होते. येथे वसतिगृहांना 'हॉल' म्हणतात. गुजरातच्या निरनिराळ्या भागांतून, शेजारच्या राज्यांतून, तसेच परदेशांतूनही विद्यार्थी येथे येतात. वर्गात इंग्रजी, बाजारात गुजराती, खोलीत हिंदी आणि जुन्या शहरात गेले तर अनेकदा मराठी, अशा चार भाषा तो विद्यार्थी सहज वापरू लागतो. कला विद्याशाखेत गुजराती, हिंदी, संस्कृत या विभागांबरोबर मराठीचाही विभाग आहे. बडोद्यात २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, यावरून तेथील मराठीपणाची कल्पना यावी.

बँकेतील माणसाला वसतिगृहाचा विद्यार्थी एका वेगळ्या दृष्टीनेही दिसतो. घरून महिन्याला ठरावीक रक्कम खात्यात जमा होते. पहिल्या सत्रात ती महिन्याच्या वीस तारखेलाच संपते. चुका होतात : मित्राला उसने दिलेले परत येत नाहीत, मोबाइल हप्त्यावर घेतला जातो, मेसचे पैसे थकतात. दुसऱ्या वर्षी तोच मुलगा शाखेत येऊन लहानसे आवर्ती ठेव खाते उघडण्याची चौकशी करतो. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात 'अंदाजपत्रक' हे प्रकरण असते. पण त्याचा अर्थ त्याला मेसच्या बिलाने शिकवलेला असतो. आईवडिलांच्या नजरेआड, तरीही फार मोठा धोका न पत्करता चुका करण्याची आणि त्या स्वतः निस्तरण्याची अशी सोय आयुष्यात पुन्हा मिळत नाही. नोकरी लागल्यावर तीच चूक महाग पडते.

आजारपणात खोलीतील सोबत्याने रात्री दवाखान्यात नेणे, परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी टिपणे देणे, निवडणुकीतील किंवा सामन्यातील पराभवानंतर एकत्र चहा पिणे, या गोष्टी लहान वाटतात. परंतु माणसे कशी सांभाळावीत, हे बहुतेकांना अशाच प्रसंगांतून उमगते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. घरातून प्रथमच बाहेर पडलेली मुलगी बँकेत स्वतःचे खाते स्वतः चालवू लागते, रेल्वेचे आरक्षण स्वतः करते, तेव्हा तिच्या बोलण्यात येणारा ठामपणा टेबलापलीकडे बसलेल्या आम्हालाही जाणवतो.

नवी व्यवस्था, नव्या सोयी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची रचना बदलली आहे. गुजरातमधील विद्यापीठांनी २०२३-२४ या वर्षापासून ती स्वीकारली. तीन वर्षे पूर्ण केल्यास पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी, असे तिचे स्वरूप आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील एखादा विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक मिळतात. हे श्रेयांक साठविण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'ची नियमावली केली. नावातच बँक असल्याने आपल्याला ती चटकन समजेल. विद्यार्थ्याचे खाते असते, मिळवलेले श्रेयांक त्यात जमा होतात, काही कारणाने शिक्षण खंडित झाले तरी ते साधारणतः सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि एका संस्थेतून दुसरीत नेता येतात.

या योजनेचा खरा लाभ मात्र ज्या विद्यापीठात खरोखरच अनेक विद्याशाखा नांदत आहेत, तेथेच मिळू शकतो. कागदावर 'अन्य शाखेचा विषय' निवडण्याची मुभा असून आवारात दुसरी शाखाच नसेल, तर ती मुभा नावापुरती राहते. प्रवेशाची पद्धतही बदलली आहे. गुजरातमधील शासकीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२४ पासून राज्याच्या सामाईक प्रवेश संकेतस्थळावरून होऊ लागले. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तेव्हा इच्छुकांनी बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच त्या त्या वेळापत्रकाची माहिती घ्यावी.

नाण्याची दुसरी बाजू

एवढे वाचून कोणाचा असा समज होईल की, अशा विद्यापीठात नाव घातले म्हणजे सर्व काही आपोआप पदरात पडते. तसे होत नाही. तीस हजारांच्या पुढे विद्यार्थिसंख्या असलेल्या आवारात एखादा मुलगा तीन वर्षे कोणाच्याही लक्षात न येता राहू शकतो. वाणिज्य विद्याशाखा ही संख्येने सर्वांत मोठी. तेथील मोठ्या वर्गांत प्राध्यापक प्रत्येकाला नावाने ओळखतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सकाळी तास, दुपारी खासगी शिकवणी, संध्याकाळी घर, अशा चाकोरीत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला ललितकलेचे आवार रस्त्यापलीकडे असूनही कधी दिसत नाही. ज्या ग्रंथालयात वाचण्यासाठी आयुष्य अपुरे पडावे, तेथे तो केवळ ओळखपत्रावर शिक्का घेण्यापुरता जातो.

विद्यापीठ हे एका अर्थी बचत खात्यासारखे आहे. खाते उघडले म्हणून शिल्लक वाढत नाही. भरणा स्वतःलाच करावा लागतो. म्हणूनच नव्या विद्यार्थ्याला चार गोष्टी आग्रहाने सुचवाव्याशा वाटतात. पहिल्या सत्रातच किमान एका प्राध्यापकांना वर्गाबाहेर भेटून एखादा खराखुरा प्रश्न विचारावा. आठवड्यातून एक दुपार ग्रंथालयात अभ्यासक्रमाबाहेरील पुस्तकासाठी राखून ठेवावी. आपल्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेला एक तरी मित्र जोडावा. आणि नाटक, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, वादविवाद यांपैकी एखादे काम असे निवडावे की ज्यात आपण अपयशी ठरण्याची शक्यता आहे. पहिल्या तीन गोष्टींना एक पैसाही लागत नाही आणि चौथीला थोडे धैर्य लागते.

खर्च आणि कर्ज यांविषयी थोडेसे

अनुदानित पदवी अभ्यासक्रमांचे शुल्क शासकीय विद्यापीठांत खासगी संस्थांच्या तुलनेने बरेच कमी असते. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचे अधिक. बाहेरगावच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत खरा खर्च असतो तो राहण्याजेवणाचा. म्हणून शुल्काच्या पावतीवरून खर्चाचा अंदाज बांधू नये. वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तके आणि संगणक धरून संपूर्ण कालावधीचा आराखडा आधी मांडावा.

भारतीय बँक संघाने २००१ मध्ये तयार केलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिकवणी शुल्काबरोबर वसतिगृह, पुस्तके आणि आवश्यक साहित्याचा खर्चही समाविष्ट होतो. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. शासनाच्या पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेचे तारण मागितले जात नाही. अभ्यासक्रम संपल्यानंतर सर्वसाधारणपणे एक वर्षाने हप्ते सुरू होतात. मात्र या मधल्या काळातही व्याजाची आकारणी चालूच असते. जमेल तसे ते भरत गेल्यास पुढील भार हलका होतो. तपशील बँकेनुसार व योजनेनुसार बदलतात, म्हणून आपल्या शाखेत प्रत्यक्ष चौकशी करावी. कर्ज आवश्यक तेवढेच घ्यावे, आणि अनुदानित जागा व शिष्यवृत्ती यांच्या शक्यता आधी पडताळून पाहाव्यात, असा सल्ला बँकेतील माणूसच देत आहे, हे ध्यानी घ्यावे.

विचारावयाचे प्रश्न

तात्पर्य, नोकरीचा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. पण त्याच्या जोडीने आणखी काही प्रश्न विचारावेत. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते आणि पदवीच्या विद्यार्थ्याला पुस्तकांच्या कपाटांपर्यंत जाता येते काय? पहिल्या वर्षाला ज्येष्ठ प्राध्यापक शिकवतात काय? दुसऱ्या विद्याशाखेतील विषय प्रत्यक्षात घेता येतो की केवळ कागदावर आहे? वसतिगृहात जागा मिळण्याची शक्यता किती? शक्य असल्यास सत्र चालू असताना एक दिवस मुलामुलीला घेऊन त्या आवारात जावे. इमारती पाहू नयेत, माणसे पाहावीत. झाडाखाली, टपरीवर, प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर मुले कशाविषयी बोलत आहेत, ते कान देऊन ऐकावे. माहितीपुस्तिकेपेक्षा ते अधिक सांगून जाईल.

सयाजीराव महाराजांच्या नावाने उभ्या असलेल्या या विद्यापीठाने 'सत्यं शिवं सुंदरम्' हे ब्रीद स्वीकारले आहे. विज्ञान, समाजकार्य आणि कला यांना एकाच आवारात शेजारी बसविणाऱ्या संस्थेला ते शोभून दिसते. यंदा बारावी उत्तीर्ण होणाऱ्या आपल्या मुलामुलींना, मग ती बडोद्यास जावोत, पुण्यास, वाराणसीस वा गावातल्याच महाविद्यालयात, असा शेजार लाभो आणि त्या शेजाराचे दार ठोठावण्याची उमेदही लाभो, हीच सदिच्छा.